थेट खात्यात पैसे: ‘रेवडी’ म्हणून झोडपण्याआधी

सांवेररोड

‘लाडली बहनानं खेड्यातली माणसं आळशी करून टाकली.’ आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींत चार जण जमले की कुणीतरी हे म्हणतंच, आणि बाकीचे माना डोलावतात. (लाडली बहना म्हणजे मध्य प्रदेश सरकारची बायकांच्या खात्यात दर महिन्याला थेट पैसे टाकायची योजना; तिलाच ‘रेवडी’, म्हणजे मतांसाठीची खिरापत, म्हणतात.) मी बँकेत होते, नोकरीची बरीच वर्षं सांवेर-देपालपूरकडच्या शाखांत गेली. माझं मत अगदी उलटं आहे, म्हणून हा धागा.

सुरुवात लाडली बहनापासून नको, त्याच्या बऱ्याच आधीपासून करू. २०११ साली ‘सेवा’ या इलाबेन भट्टांच्या संस्थेनं युनिसेफच्या पैशातून आपल्याच इंदूर जिल्ह्यात एक प्रयोग केला. आठ गावांत प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला २०० रुपये, मुलामागे १००, आणि मुलाचे पैसे आईच्या हातात. अट कसलीच नाही. वर्षभरानं रक्कम ३०० आणि १५० केली. घोडाखुर्द या आदिवासी गावातही वर्षभर असेच पैसे दिले. तुलनेसाठी पैसे न दिलेली गावंही मोजली. रेशन, रोजगार हमी वगैरे आधीचं सगळं तसंच चालू होतं, हे पैसे वरचे होते.

आता हिशेब करा. नवरा-बायको आणि तीन मुलं म्हणजे महिन्याला ७००. रोजगार हमीची मजुरी तेव्हा आपल्याकडे १२२ रुपये होती. म्हणजे सहा दिवसांची मजुरीसुद्धा नाही. एवढ्यानं काय होतं? तर मुलींची वजनं सुधारली, ताटात अंडी, मासे, डाळ वाढली, मोठ्या मुलींचं शाळेत जाणं वाढलं, शेळ्या-कोंबड्या आल्या, बियाणं-खतावरचा खर्च वाढला. दारूवरचा वाढला नाही. आणि लोकांनी काम सोडलं नाही. दुसऱ्याच्या शेतावरचं कमी केलं, स्वतःच्या तुकड्यावरचं वाढवलं.

हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण काउंटरच्या अलीकडे बसून मी त्याची दुसरी बाजू रोज पाहिली आहे. दोन बिघे जमीन असलेलं घर कसं बुडतं? एप्रिल-मेमध्ये घरातले दाणे संपत येतात. किराणा उधारीवर, आणि उधारीवाल्याला दुकानदार भाव लावेल तो. मध्येच पोर आजारी पडतं. मोठ्या शेतकऱ्याकडून उचल घेतली जाते. उचल कशी फेडायची, तर पहिला पाऊस पडल्यावर आधी त्याच्या शेतावर जाऊन. त्याची पेरणी वेळेवर होते, यांची आठ-पंधरा दिवसांनी. सोयाबीनला पंधरा दिवस म्हणजे काय, ते इथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. पीक हलकं येतं, उचल अंगावर राहते, पुढच्या मे महिन्यात नवी उचल. या घराला एकदम पन्नास हजार द्या, ते जुन्या देण्यात जातील. महिन्याला हजारच द्या, पण नक्की द्या. मग ऐन मे महिन्यात उचल मागायला जावं लागत नाही, आणि जूनमध्ये नवरा-बायको आपल्या शेतात असतात.

माझं म्हणणं एवढंच. रकमेपेक्षा तारीख मोठी, आणि खातं बाईचं हवं.

राजवाड्याचे नाना

ताई, प्रयोग आणि सरकार यांत तुम्ही गल्लत करताय. आठ गावांत एक जुनी-जाणती संस्था पैसे वाटते, तिच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन चौकशी करतात, तिथे चार चांगल्या गोष्टी होणारच. आता आपल्या राज्याकडे बघा. १० जून २०२३ ला पहिला हप्ता, हजार रुपये. ऑक्टोबरमध्ये साडेबाराशे. नोव्हेंबरमध्ये मतदान. यात गरिबी कुठे आहे आणि पंचांग कुठे आहे, सांगा बघू.

दुसरं. सव्वा कोटी बायका, आताचे दीड हजार रुपये, बारा महिने. गुणाकार करा, साडेबावीस हजार कोटी होतात. दर वर्षी. एवढ्यात किती प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर बसवता आले असते? आत्ता होतं काय, की सरकार बाईच्या खात्यात दीड हजार टाकतं, आणि सरकारी दवाखान्यात कुणी नाही म्हणून तीच बाई खासगी डॉक्टरला सलाइनचे बाराशे देते. पैसे गरिबाच्या खात्याला पाय लावून जातात, बस्स.

रेवडी म्हणू नका म्हणता? म्हणत नाही. पण औषधही म्हणणार नाही.

महूवाला

नाना भिया, एकच नंबर.

सांवेररोड

नाना, निवडणुकीचं तुमचं म्हणणं मला मान्यच आहे, त्यावर वाद घालत नाही. रस्ते आणि पूलसुद्धा निवडणुकीआधीच पूर्ण होतात, त्यावरून आपण चालतोच.

दवाखान्याचं मात्र अर्धंच बरोबर. डॉक्टर हवाच. पण तो येईपर्यंत ताप थांबत नाही ना. हातात हजार असलेली बाई पोराला तिसऱ्या दिवशी घेऊन जाते, नसलेली आठव्या दिवशी, आणि तेव्हा दीड हजारात भागत नाही, दागिना निघतो. पायातल्या चांदीच्या कड्या गहाण ठेवायच्या की विकायच्या, यावर आमच्या शाखेबाहेरच्या बाकावर किती खल चाललेले मी ऐकलेत!

देपालपूरचा शेतकरी

शहरात बसून हे लिहिणं सोपं आहे. माझी वडिलोपार्जित पंधरा एकर आहे, सोयाबीन आणि नंतर गहू-लसूण. लसूण लावायला आणि काढायला बायकाच लागतात, यंत्र नाही. पूर्वी सकाळी गाडी पाठवली की वीस जणी यायच्या, आता बारा आल्या तर नशीब. येतात त्या दहा वाजता येतात. रोज वाढवून मागतात. ‘नाही परवडत’ म्हटलं तर ‘मग राहू द्या’ म्हणतात. हे ‘राहू द्या’ आधी नव्हतं. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ कागदावर होता, मंडीत हातात काय पडतं ते मी सांगत बसत नाही. मजुरी वाढणार, भाव नाही वाढणार, मग मी शेती कशी करू? आळस हा शब्द चुकीचा असेल, पण माणूस मिळत नाही ही गोष्ट खरी आहे.

सांवेररोड

दादा, तुमची अडचण खोटी नाही. पण ते ‘राहू द्या’ काय आहे, ते बघा ना. आजवर त्या बाईला नाही म्हणायची सोयच नव्हती. चूल त्या दिवसाच्या रोजावर होती. आता दीड हजार आहेत म्हणून ती दोन दिवस थांबून भाव करू शकते. व्यापारी माल धरून ठेवतो तेव्हा आपण त्याला हुशार म्हणतो.

आणि रागावू नका, पण पीएम-किसानचे सहा हजार आणि राज्याचे सहा हजार, असे वर्षाला बारा हजार जमीनवाल्याच्या खात्यात येतात. म्हणजे महिन्याला बरोबर हजार. त्याचं त्यानं काय केलं, तो आळशी झाला का, दारू प्याला का, असं या शहरात कुणी कधी विचारलेलं मी ऐकलं नाही. ज्याच्या नावावर सातबारा, म्हणजे आपल्याकडे खसरा, त्याला सन्मान निधी. जिच्या नावावर काही नाही, तिला रेवडी.

देपालपूरचा शेतकरी

बारा हजारांत एका एकराचं लसणाचं बी येत नाही ताई.

सांवेररोड

तेच. आणि तरी घेता. घ्यावेतच.

जावई_रांचीचे

मी माहेर, चुकलो, सासर इंदूरचं म्हणून या चर्चा वाचत असतो. (घरातलं मतदान ताईंच्या बाजूनं आहे, त्यामुळे हे जपून लिहितोय.) रांचीजवळ नगडी नावाचा तालुका आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथं सरकारनं ठरवलं की रेशनचा तांदूळ एक रुपया किलोनं द्यायचा नाही. बत्तीस रुपये किलोनं विकत घ्या, एकतीस रुपये आम्ही तुमच्या खात्यात आधी टाकतो. कागदावर कुणाचंच नुकसान नाही. प्रत्यक्षात काय झालं? म्हातारी बँकेत जाणार, पैसे आलेत का ते बघणार. आले असतील तर रांग, नसतील तर परत. पासबुकात नोंद करायला एक खेप, पैसे काढायला दुसरी, मग दुकान. घरात तीन खाती असली तर कुठल्या खात्यात आले तेच कळत नाही. लोक रस्त्यावर उतरले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ती योजना गुंडाळावी लागली.

म्हणून ‘थेट पैसे’ ऐकलं की मी आधी विचारतो, कशाच्या बदल्यात? तांदळावर वरून पैसे दिले तर घर सुधारतं, ताईंच्या आठ गावांत तेच झालं. तांदळाच्या जागी दिले तर नगडी होतं. आणि सरकारची नजर नेहमी दुसऱ्या हिशेबावर असते. २०१६-१७ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत सगळ्यांना मूलभूत उत्पन्न द्यायचं एक मोठं प्रकरण होतं. त्यात पैसे कुठून आणायचे, याचं एक मुख्य उत्तर होतं, चालू योजना बंद करून. आज बाई दीड हजारांनी खूश आहे. उद्या ‘दीड हजार देतो ना, मग धान्य कशाला?’ असं विचारलं गेलं, तर नगडीच्या म्हातारीसारखी तीही रांगेत उभी राहील.

राजवाड्याचे नाना

जावईबापू, घरात काय मतदान व्हायचं ते होऊ दे, पण हे पटलं.

कोल्हापूरकर

आमच्याकडे लाडकी बहीण २०२४ ला आली, तुमचं बघूनच. रक्कम सुरुवातीपासूनच दीड हजार. वाद मात्र शब्दन् शब्द हाच. आमच्याकडे ‘कामाला बाई मिळत नाही’चं ‘ऊसतोडीला मजूर मिळत नाही’ झालंय, एवढाच फरक.

निवृत्त मास्तरीणबाई, टिळकनगर

दारूचा मुद्दा नुसता ओझरता आला, म्हणून मी तो नीट काढते. माझ्या वर्गातल्या मुलींच्या घरी दारू होती, आणि ती बापाच्या मजुरीतून यायची. आईच्या खात्यातून दारू येत नाही असं नाही. नवरा अंगठा लावायला बायकोला घेऊन जातो आणि कियोस्कच्या, म्हणजे बँकेच्या पैसे काढायच्या छोट्या केंद्राच्या, पायरीवरच पैसे काढून घेतो, हेही मी पाहिलंय. कियोस्कवाला वर वीस रुपये कापून घेतो ते वेगळंच. पण त्या पायरीवर भांडण होतं, गाव बघतं. घरातल्या डब्यातले पैसे जायचे तेव्हा कुणी बघत नव्हतं. मला हा फरक लहान वाटत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. लाडली बहनात अविवाहित बाई बसत नाही. साठी ओलांडली की नाव उडतं. नोंदणी २०२३ मध्ये दोनदा उघडली, त्यानंतर लग्न होऊन आलेल्या सुना बाहेरच. समग्र आयडीत, म्हणजे राज्याच्या ओळख क्रमांकात, नाव एक आणि आधारमध्ये दुसरं, म्हणजे ममता आणि ममताबाई, की लागली फेऱ्यांची साडेसाती. ‘सेवा’च्या गावांत असं नव्हतं. गावात राहतो तो प्रत्येकजण पात्र, म्हातारा, पोर, कुमारिका, सगळे. म्हणून तिथे कुणाला पुढाऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं नाही. सांवेररोड ताई, तुम्ही तारखेचं आणि खात्याचं म्हणालात. मी म्हणते, यादी. यादी आली की यादीवाला माणूस येतो.

राजवाड्याचे नाना

बाई, सगळ्यांना द्यायचं म्हणजे खर्च आणखी दुप्पट! मी साडेबावीस हजार कोटींवरच अडून बसलोय, आणि तुम्ही यादीच फाडायला निघालात.

मास्तरीणबाई

मग गाडीवाल्यांना सोडून द्या. बाकी सगळ्यांना द्या. चारचाकी कुणाच्या दारात आहे ते गावाला माहीत असतं, त्याला समग्र आयडी लागत नाही.

सांवेररोड

यादीचं मान्य. ममता-ममताबाईचे फॉर्म मी स्वतः भरून दिलेत. पण म्हणून तोवर पैसेच नकोत, हे मात्र नाही. जावईबापूंचा ‘कशाच्या बदल्यात’ हा प्रश्न मला नानांच्या गुणाकारापेक्षा जास्त टोचला. रेशन काढून पैसे देणार असतील तर मीही विरोधात. दिल्लीत ‘सेवा’नंच एकदा रेशनच्या ऐवजी महिन्याला हजार रुपये देऊन पाहिले होते. पण तिथे ज्या घरांना हवे त्यांनीच ते घेतले, आणि शहरात चार पावलांवर दुकान असतं. आपल्या सिमरोळच्या वरच्या पाड्यांवर ते कसं चालायचं?

देपालपूरचा शेतकरी

तुमचं सगळं वाचलं. या वर्षी लसणाला रोज पन्नासनं वाढवून बघतो, आणि गाडी सातऐवजी नवाला पाठवतो. बायका म्हणतात, सकाळी पोरांचं आवरून यायचंय. वीसच्या वीस आल्या तर इथेच लिहीन. नाही आल्या तरी लिहीन, मग ताईंनी लसूण काढायला यावं.

सांवेररोड

येते. रोज किती देणार, ते आधी सांगा.