रीमर लावण्याआधी नळी मोजा

स्टिकर गेलेल्या प्यूजो या जुन्या फ्रेंच सायकलीत २७.२ मिमीचा सीटपोस्ट (सीटचा दांडा) जात नाही म्हणून नळी आतून रीम करायची, म्हणजे रीमरने खरवडून रुंद करायची, असं या चर्चेत ठरतंय. कृपया थांबा! २७.२ हे २८.६ मिमीच्या इंग्लिश नळीचं माप. जुन्या फ्रेंच फ्रेमची सीटट्यूब (सीटपोस्ट जिच्यात जातो ती उभी नळी) बहुधा २८ मिमीची असते, वरची आडवी नळी २६ची. व्हर्नियरने बाहेरून मोजा, रंगाची जाडी वजा धरा. नळीचा पत्रा ०.८ मिमी असेल तर दोन्ही बाजूंचा धरून २८ वजा १.६, म्हणजे २६.४. रेनॉल्ड्स ५३१ या पातळ पोलादी नळ्यांच्या पीएक्स-१० या प्यूजो मॉडेलला सहसा हाच पोस्ट बसतो. साध्या जाड नळीत त्याहून बारीक लागतो. आतलं माप मात्र जरा खोलवर घ्या, कारण वरचं तोंड बोल्टने आवळून दबलेलं असतं. इतकी देखणी फ्रेम, तिला कापू नका हो.