साडेसतराव्या वर्षी भरती: पोरांना इतक्या लवकर बंदूक द्यायची का?

रानवारा
सैन्यातल्या चार वर्षांच्या अग्निवीर भरतीचं किमान वय साडेसतरा. आपल्याच महाराष्ट्रात मुलाचं लग्न 21ला आणि कडक दारूचा परवाना 25ला. व्हिस्कीसाठी पोरगं कच्चं, गोळीसाठी पिकलेलं! भरतीचं वयही 21 करा.

अरुण खेत्रपाल घ्या. जन्म ऑक्टोबर 1950. खडकवासल्याच्या एनडीएत (सैनिकी अधिकारी घडवणारी प्रबोधिनी) शिकला, जून 1971ला पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये अधिकारी झाला. नगरला यंग ऑफिसर्स कोर्स चालू होता, तो अर्धवट टाकून रेजिमेंटकडे धावावं लागलं. 16 डिसेंबरला पाकिस्तानविरुद्धच्या बसंतरच्या लढाईत रणगाडा पेटला, बाहेर पडायचा हुकूम मिळाला तरी तो तोफ चालवत राहिला. परमवीर चक्र, वय 21. त्याच वर्षी मार्चमध्ये लोकसभेची निवडणूक झाली, पण तेव्हा मतदानाचं वय 21 होतं आणि हा 20चा. ज्या सरकारच्या हुकमावर लढला, ते निवडायचा हक्क त्याला नव्हता. 18ला मत मिळायला 1989 उजाडलं.

विशीत आपण मरू असं कुणाला वाटत नाही. सैन्याला नेमकं तेच हवं असतं, आणि मला तेच खटकतं.

निवृत्त हवालदार
साडेसतरा हे भरतीचं वय, आघाडीवर जायचं नव्हे. बालसैनिकांबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2005ला मान्य करताना भारताने लेखी दिलंय की 18 पूर्ण झाल्याशिवाय कारवाईच्या भागात पाठवणार नाही. आधी सेंटरला महिनोन्‌महिने रगडा असतो. बेळगावला मीही खाल्लाय.

आणि ते मताचं सोडा हो. 3 डिसेंबर 1971ला पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले. तेव्हा काय मतदार यादी तपासत बसायचं?

टायगर हिल आठवा, जुलै 1999. योगेंद्रसिंह यादव 19चे. अंगात गोळ्या घुसल्या तरी कडा चढत राहिले. पस्तिशीतल्या मला तो कडा झेपला नसता. शौर्य नंतर, आधी दम आणि गुडघे. कारगिलनंतर पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरांचं वयसुद्धा खाली आणलं, ते उगाच नाही.

रानवारा
तेच यादव भरती झाले तेव्हा 16 वर्षं 5 महिन्यांचे होते. दहावी-अकरावीचं वय.

निवृत्त हवालदार
आणि लढले 19व्या वर्षी. मधली वर्षं कुठे गेली मग?

तापीकाठ
दम आणि गुडघे? युक्रेनमध्ये उलटं चाललंय. सक्तीच्या भरतीचं किमान वय तिथे 27 होतं, एप्रिल 2024 मध्ये 25 केलं. रशिया दारात असताना! खंदकात चाळिशीतले बाप बसलेत. म्हणजे विशीतल्या पोरांवाचून युद्ध अडतं, हे काही खरं नाही.

चिकित्सक
ती माया नाही, हिशेब आहे. सोव्हिएत संघ फुटल्यावर, 1991 नंतर तिथे जन्मदर इतका कोसळला की आज विशीतली पिढीच तोकडी आहे. तीही संपली तर पुढे देश कुणाचा? आणि माणसं कमी पडली तेव्हा 2025 मध्ये 18 ते 24 वाल्यांसाठी भरघोस पैशांचे ऐच्छिक करार काढलेच की. शिवाय ती लढाई मैदानातली, ड्रोनची. सियाचीनला चाळिशीचा बाप पाठवून बघा.

साताऱ्याची लेक
तुमचे दोन्हीकडचे मुद्दे शहरातले वाटतात. आमच्याकडे अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचा स्मृतिस्तंभ आहे तिथे. घरटी फौजी. पहाटे रस्त्यावर पोरं भरतीच्या 1600 मीटर धावेचं टायमिंग लावत पळतात. देशप्रेम आहेच, पण दोन एकर कोरडवाहूत तीन भाऊ, हेही आहे.

मला साडेसतरा खुपत नाही, चार वर्षं खुपतात. चारातला एक कायम राहणार, बाकीचे साधारण 11.7 लाखांचा एकरकमी सेवा निधी घेऊन घरी. पेन्शन नाही. ड्युटीवर जीव गेला तर विम्याची मोठी रक्कम मिळते, पण योजनेच्या नियमांत घरच्यांना नियमित जवानासारखी कुटुंब पेन्शन नाही. गोळीला माहीत असतं का कोण कायम आणि कोण चार वर्षांचा?

निवृत्त हवालदार
ताई, पेन्शनचं शंभर टक्के बरोबर. नवा गडी पलटणीत मुरायलाच दोन-तीन वर्षं जातात, आणि मुरला की घरी! पण वय 21 करा म्हणणाऱ्यांनी सांगावं, 18 ते 21 पोरगा काय करणार? एमआयडीसीत हेल्पर?

रानवारा
कॉलेज करेल. पदवी असली तर चार वर्षांनी बाहेर पडताना हातात काहीतरी राहील. की प्रश्न विचारणारा पदवीधर सैन्याला जड जातो?

निवृत्त हवालदार
आमच्या पलटणीत होते दोघे बीए. हुकूम सगळे पाळायचे. फक्त आमच्यापेक्षा शुद्ध मराठीत कुरकुर करायचे.