शून्य केल्विनला कोणी पोचतच नाही, मग तिथलं फेज ट्रान्झिशन (अवस्थाबदल) कळतं कसं?

अर्धवट_फिजिक्स: एमएस्सीचं शेवटचं वर्ष, सेमिनारला हेवी फर्मियॉन (ज्यांत इलेक्ट्रॉन खूप जड असल्यासारखे वागतात ती मटेरियल) घेतलं आणि आता डोकं धरून बसलोय. बर्फ उष्णतेने वितळतो हे ठीक, पण शून्य केल्विनला हलवणार कोण? आणि ते बघितलं कोणी? गाईड म्हणाले डोनियाकची आकृती बघ, बघितली, दोन रेषा आहेत एवढं कळलं.

मिलीकेल्विन: अरे त्या दोन रेषांतच सगळी गंमत आहे. सीरियमच्या प्रत्येक अणूवर एक एफ इलेक्ट्रॉन, म्हणजे एक चिमुकलं चुंबक. धातूतले फिरते इलेक्ट्रॉन दोन उद्योग करतात, एकतर त्या चुंबकाला गराडा घालून गप्प करतात (हा कोंडो), नाहीतर शेजारच्या दोन चुंबकांत निरोप्याचं काम करतात (हा आरकेकेवाय). दोन्ही एकाच जे वर (फिरता इलेक्ट्रॉन आणि चुंबक यांच्यातली जोड) चालतात, पण आरकेकेवाय जे च्या वर्गाने वाढतो आणि कोंडो एक्स्पोनेन्शियल, म्हणून जे लहान असताना अँटिफेरोमॅग्नेट (शेजारची चुंबकं उलटसुलट रांगेत) आणि पुढे कोंडो बाजी मारतो. 1977 ची आयडिया आहे. शून्याला हलवायला उष्णता लागत नाही, अनिश्चिततेचा नियम पुरतो, आपण फक्त प्रेशर, फील्ड नाहीतर डोपिंग (परक्या अणूंची भेसळ) बदलायचं. सीरियम-कॉपर-6 ला ऑर्डर (चुंबकांची रांग) नाही, त्यात सहापैकी 0.1 कॉपरच्या जागी सोनं घातलं की बरोबर उंबरठ्यावर!

अर्धवट_फिजिक्स: आणि इलेक्ट्रॉन जड झाला हे कसं ठरवतात, काट्यावर ठेवून? 😅

मिलीकेल्विन: स्पेसिफिक हीटवरून. तांब्याचा गॅमा (इलेक्ट्रॉनमुळे येणाऱ्या स्पेसिफिक हीटचा आकडा, जितका मोठा तितका इलेक्ट्रॉन जड) 0.7 मिलिज्यूलच्या आसपास, सीरियम-अ‍ॅल्युमिनियम-3 चा 1975 मध्ये मोजला तो 1620.

थंडगार_बाबा: "बघितलं कोणी" ते राहिलंच की. यटर्बियम-ऱ्होडियम-2-सिलिकॉन-2 घे. 70 मिलिकेल्विनखाली अँटिफेरोमॅग्नेट, आणि स्फटिकाच्या सी अक्षाला काटकोनात जेमतेम 60 मिलिटेस्ला फील्ड दिलं की ऑर्डर गायब (दवाखान्यातल्या एमआरआयचं 1.5 टेस्ला असतं!). शून्याला जायची गरजच नाही, कारण त्या बिंदूची सावली वर पंख्यासारखी पसरते. त्या फील्डला रेझिस्टन्स नेहमीच्या धातूसारखा टी (टेंपरेचर) च्या वर्गाने वाढायच्या ऐवजी सरळ रेषेत वाढतो, आणि ती रेष पार 10 केल्विनपर्यंत दिसते. एक सांगतो, स्वतः मोजायला गेलास तर लीड (मोजायची तार) जपून चिकटव, माझी एक कूलडाउनमध्ये सुटली, परत गरम, परत थंड, सगळा आठवडा बोंबलला.

मिलीकेल्विन: सावली बरोबर, पण खरं भांडण पुढे आहे. हर्ट्झ-मिलिस थिअरीच्या हिशोबाने फक्त मॅग्नेटिझम डळमळतो, इलेक्ट्रॉन जडच राहतात. पण 2004 ला याच मटेरियलच्या हॉल इफेक्टमध्ये (फील्डमुळे करंटला आडवं येणारं व्होल्टेज) बदल दिसला, टेंपरेचर कमी करत नेलं तसा तो टोकदार होत गेला. म्हणजे कोंडोचा गराडाच तुटतो आणि फर्मी सरफेस (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या पातळ्यांची सीमा) एकदम बदलतो असं बरेच जण मानतात.

थंडगार_बाबा: मानतात, सगळे नाही. सीरियम-कॉपर-2-सिलिकॉन-2 मध्ये स्पिन डेन्सिटी वेव्हवालं (म्हणजे हर्ट्झ-मिलिसचंच) चित्र चांगलं बसतं, एकच चावी सगळ्या कुलपांना लावू नकोस.

अर्धवट_फिजिक्स: मग सेमिनारला ही दोनच मटेरियल समोरासमोर ठेवतो, बाकी सगळं उडवलं. हॉलची आकृती मात्र परत विचारणार आहे उद्या.