प्रति: लिंबू-मिरची आणि बाईक
बाईकला बांधलेल्या लिंबू-मिरचीवर वरच्या कमेंट्समध्ये सगळे हसताय, हसा, पण शनिवारी ती बदलायला माणूस गाडीपुढे वाकतो तेव्हा त्याला पुढचं घासलेलं टायर पण दिसतं ना राव. आपल्या नाशिककडून मुंबईला जाताना कसारा घाट उतरायच्या आधी इगतपुरीला घाटनदेवीला हात जोडणारे खूप, मी पण जोडतो, देव आहे-नाही ते सोडा, तेवढ्यात ब्रेक दाबून बघायचे आणि उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवायची आयडिया डोक्यातून काढायची, कारण मग इंजिन गाडीला धरत नाही, सगळा लोड ब्रेकवर. दसऱ्याला गाडी धुतात, हार घालतात, चेनला ऑइल मात्र कोणी लावत नाही! आणि हार जरा आखूड बांधा, हॅंडल वळवताना केबलमध्ये अडकतो.