चार लाल शेरे म्हणजे घरी रवानगीच नव्हे

'चार रेड एन्ट्री (शिक्षा झाल्यावर जवानाच्या नोंदीत लाल शाईनं पडणारा शेरा) झाल्या की 14 वर्षं नोकरी झालेला जवानही घरी, नियमच तसा' असं काहीजण म्हणतात, ते मला पटलं नाही. सैन्य मुख्यालयाच्या डिसेंबर 1988 च्या धोरणातच म्हटलंय की चार एन्ट्री झाल्या म्हणून काढणं बंधनकारक नाही. प्रत्येक गुन्ह्याचं स्वरूप बघायचं, आणि पेन्शन जवळ आलेल्या माणसाशी तर कठोर वागायचं नाही. लांबची नोकरी आणि खडतर ठिकाणची पोस्टिंगही विचारात घ्यायची. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच उचलून धरलं. जवानाला पेन्शनसाठी 15 वर्षं लागतात; त्यात थोडे महिने कमी पडले तर 12 महिन्यांपर्यंतची तूट माफ करण्याची तरतूदही आहे.

आमच्या खानापूर भागात घरटी कुणीतरी मराठा लाइट इन्फंट्रीत, सेंटर इथंच बेळगावात, तरी ही माहिती गावात पोचत नाही. माझ्या चुलतभावाला नोटीस आली तेव्हा घरचे म्हणाले, साहेबांशी वाद नको, गप्प ये. एका निवृत्त सुभेदार काकांनी बसून उत्तर लिहून दिलं, लडाखची पोस्टिंगसुद्धा त्यात मांडली, म्हणून तो टिकला. कारणे दाखवा नोटीस आली की कृपा करून लेखी उत्तर द्याच. पुढं सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जायची वेळ आली तर तोच कागद उपयोगी पडतो.