मदत हवी आहे : फुफ्फुसाच्या कर्करोगात केमो आणि रेडिएशन एकत्र घेण्याबाबत

सस्नेह नमस्कार. आम्ही सोलापूरचे. ज्यांची उभी हयात यंत्रमागावर गेली, त्या माझ्या ६६ वर्षांच्या वडिलांना फुफ्फुसाचा नॉन-स्मॉल सेल प्रकारचा, तिसऱ्या टप्प्यातील कर्करोग असल्याचे निदान झाले आहे. शस्त्रक्रिया शक्य नसल्याने डॉक्टरांनी सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, अशी एकूण ६० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) रेडिओथेरपी आणि तिच्यासोबतच दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल व कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधे सुचवली आहेत. केमोमुळे कर्कपेशी किरणांना अधिक बळी पडतात आणि म्हणून दोन्ही उपचार एकामागून एक देण्यापेक्षा एकत्र दिल्यास आयुष्य वाढण्याची शक्यता अधिक असते, हे मला पटले आहे. परंतु त्यात अन्ननलिकेचा दाहही जास्त होतो, आणि बाबांचे वजन आधीच ५२ किलोवरून ४५ वर आले आहे. भाकरी तर त्यांना आताच, दुधात कुस्करूनही, जेमतेम जाते.

ज्यांच्या घरी हे एकत्रित उपचार झाले आहेत, त्यांनी कृपया सांगावे, की गिळणे अवघड झाल्यावर आहार कसा सांभाळला आणि अन्न देण्यासाठी नळीची गरज पडली का? शिवाय, मध्ये खंड पडू द्यायचा नसल्याने, उपचारांसाठी रोज बार्शीला ये-जा करणे रुग्णाला झेपते, की तिथेच खोली घेणे बरे? पुढील सोमवारी आम्हाला निर्णय कळवायचा आहे.