मदत हवी आहे: साधा लॅपटॉप, तीस ट्रॅक आणि तेच सेशन विंडोज, लिनक्स व मॅकवर उघडायचंय

नमस्कार मंडळी,

मी गाण्यांचं मिक्सिंग करतो. रेकॉर्डिंग दुसरीकडे होतं, माझ्याकडे तयार फायली येतात: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका गाण्याला साधारण तीस ट्रॅक. लॅपटॉप दोन कोअरचा, ८ जीबी रॅम, आत एसएसडी. त्यावर विंडोज १० आणि लिनक्स दोन्ही आहेत. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, म्हणून रोजचं काम लिनक्सवर न्यायचं ठरवलंय. माझी सहकारी मॅकवर काम करते. सुरुवातीचं मिक्स ती लावते, पुढचं मी करतो, शेवटचा हात पुन्हा तिचा. त्यामुळे एकच सेशन (गाण्याचे ट्रॅक आणि मिक्सच्या सेटिंग्ज साठवणारी फाइल) दोन्हीकडे जसंच्या तसं उघडायला हवं.

अर्डर हे मिक्सिंगचं सॉफ्टवेअर वापरून झालंय आणि आवडलंही, पण आता पैसे देऊन एखादं सॉफ्टवेअर घ्यायचंय. तिन्ही प्रणालींवर मूळचंच चालणारं हवं, वाइनमधून (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवणारं साधन) चालवायची कसरत नको. रीपर, मिक्सबस आणि बिटविग ही तीन नावं डोक्यात आहेत. सध्या रीपर ६० दिवसांच्या चाचणीवर चालवतोय.

अडचण अशी. गाणं वाजवताना टकटक आवाज येतो आणि शेवटच्या कोरसला तर आवाज तुटतोच. सॉफ्टवेअरमधला रिअल-टाइम भाराचा आकडा तेव्हा ९० टक्क्यांच्या वर असतो, पण प्रणालीचा मॉनिटर सीपीयू जेमतेम ४० टक्के दाखवतो. रॅम निम्मी रिकामी असते. बफर (एका वेळी तयार होणारा आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलवरून १०२४ केला, बराच फरक पडला, पण पूर्ण सुटका झाली नाही. विंडोजवर आणि लिनक्सवर वागणं जवळपास सारखंच आहे.

सीपीयूत जागा असताना आवाज का तुटतो? आणि सेशन इकडून तिकडे नेताना नेमकं कशावर लक्ष ठेवायचं?

कृपया "नवीन लॅपटॉप घ्या" हा सल्ला नको. वीस वर्षांपूर्वी याहून कितीतरी कमी ताकदीच्या संगणकांवर पूर्ण अल्बम मिक्स होत होते. तीस ट्रॅक या मशीनवर व्हायलाच हवेत असं मला मनापासून वाटतं, आणि ते कसं हे मला नीट समजून घ्यायचंय.

खर्ज:
तुमचे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतायत, म्हणून ते जुळत नाहीत.

प्रणालीचा मॉनिटर सगळ्या कोअरची सरासरी दाखवतो, तीही सेकंदभराची. दोनपैकी एक कोअर पूर्ण दमला आणि दुसरा रिकामा बसला, तरी मॉनिटरवर ५० टक्केच दिसणार. ऑडिओला सरासरीशी देणंघेणं नसतं. १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे ४८ किलोहर्ट्झला सुमारे २१.३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात पुढचा तुकडा तयार झालाच पाहिजे. एखादा जरी तुकडा उशिरा आला तरी टक् ऐकू येतं, मग बाकीचे हजार तुकडे वेळेत आलेले असले तरी.

आता काम वाटलं कसं जातं ते बघा. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर जाऊ शकतात. पण एका ट्रॅकवरचे प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारी जोड-साधनं) एकामागून एकच चालतात, कारण दुसऱ्याला पहिल्याचा निकाल लागतो. ट्रॅक बसमध्ये (अनेक ट्रॅक एकत्र येतात ती वाट) जातात, बस मास्टरमध्ये (सगळ्या गाण्याची शेवटची वाट) जाते, आणि मास्टरवरची साखळी सगळ्यांचं काम झाल्याशिवाय सुरूच होत नाही. म्हणजे २१.३ मिलिसेकंदांत ही सगळ्यात लांब वाट पूर्ण व्हायला हवी. दुसरा कोअर मोकळा असला तरी तिथे त्याचा काही उपयोग नाही. तुमची गोष्ट हीच आहे असं मला जवळजवळ खात्रीनं वाटतं. दोन्ही प्रणालींवर सारखंच होतंय, म्हणजे ड्रायव्हरवरचा संशयही कमी होतो.

रीपरच्या परफॉर्मन्स मीटरमध्ये ट्रॅकनिहाय भार दिसतो. तो उघडा आणि आधी मास्टरकडे बघा. लिमिटरचं (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा प्लगइन) ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे आतल्या आत जास्त सॅम्पल दरानं काम करणं, लिनिअर फेज ईक्यू (स्वरपट्टे कमी-जास्त करणारा) आणि कन्व्होल्यूशन रिव्हर्ब (घुमारा देणारा) हे नेहमीचे जड गडी. आठपट ओव्हरसॅम्पलिंग म्हणजे त्या प्लगइनला साधारण आठपट काम. मिक्स करताना ते कमी ठेवा आणि अंतिम रेंडरला (तयार फाइल काढताना) वाढवा, रेंडरला घड्याळ लागू नसतं. रिव्हर्ब ट्रॅकमागे एक न लावता एका बसवर ठेवून सेंडनं (ट्रॅकचा आवाज तिकडेही पाठवून) द्या.

बफर खुशाल २०४८ करा. सुमारे ४२.७ मिलिसेकंद होतात. मिक्सिंगमध्ये कोणी हेडफोन लावून थेट गात नसतं, मग लहान बफरचा हट्ट कशाला? शिवाय रीपर रेकॉर्डिंगला न लावलेल्या ट्रॅकचं काम थोडं आधीच करून ठेवतं. ती सोय बंद केलेली नाही ना, एवढं तपासा.

तारसप्तक:
वरच्याशी सहमत. लिनक्सवर सीपीयू गव्हर्नर (कोअरचा वेग ठरवणारी सोय) 'परफॉर्मन्स'वर ठेवा, नाहीतर लॅपटॉप वीज वाचवायला कोअरचा वेग उतरवतो आणि नेमका कोरसला उशीर होतो. रिअल-टाइम कर्नलच्या (वेळ काटेकोर पाळणारा लिनक्सचा गाभा) मागे मात्र लागू नका. त्यासाठीचं पीआरईईएमपीटी-आरटी २०२४ मध्ये ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्ये आलं, चांगलंच झालं, पण त्याचा फायदा लहान बफरला. २०४८ वर तुम्हाला त्याची गरज नाही.

मी दुसऱ्या प्रश्नाबद्दल सांगते, कारण त्यात मी बरीच वर्षं आहे. सॉफ्टवेअर तिन्हीकडे चालतं म्हणून सेशन तिन्हीकडे चालेल असं नाही. सेशन अडतं ते प्लगइनपाशी. ऑडिओ युनिट प्रकारचे प्लगइन फक्त मॅकवर असतात. व्हीएसटी ३ हा प्रकार तिन्हीकडे आहे, पण प्रत्येक प्लगइनची लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती बनवलेली असावी लागते आणि पुष्कळ कंपन्या ती बनवत नाहीत. आयलॉक या परवाना तपासणाऱ्या यंत्रणेवर परवाना असणारं काही असेल तर ते लिनक्सवर विसरा. याब्रिज वापरून वाइनमधून विंडोजचे प्लगइन चालतात, बरेच छान चालतात, पण आधीच दमलेल्या मशीनवर रोजचं काम त्यावर टांगू नये.

माझं मत स्पष्ट आहे: जे सॉफ्टवेअरच्या आतच येतं त्यावर ८० टक्के मिक्स उभं करा. रीपरमधले रीईक्यू (ईक्यू), रीकॉम्प (आवाजातला चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर) आणि जेएसएफएक्स (रीपरचे स्क्रिप्टमध्ये लिहिलेले प्लगइन) तिन्हीकडे सारखेच मिळतात आणि हलके आहेत. मिक्सबसमध्ये तर ईक्यू आणि कॉम्प्रेसर प्रत्येक चॅनलवर आधीपासूनच असतात. तुमच्या कामाला ते फार सोयीचं आहे, पण मिक्सर मोठा आहे, लहान पडद्यावर आधी चाचणी घेऊन बघा. बाहेरचं लागलंच तर एअरविंडोजचे प्लगइन घ्या, तिन्हीकडे मिळतात. बिटविग चांगलं आहे, पण त्याचा जीव संगीत रचण्यात आहे. नुसत्या मिक्सिंगसाठी मी ते घेणार नाही.

एखादा मॅकवाला प्लगइन तिला हवाच असेल तर तो ट्रॅक तिनं रेंडर करून द्यावा, मूळ ट्रॅक म्यूट करून सेशनमध्येच ठेवावा.

धागाकर्ता:
दोघांचेही खूप आभार. मास्टरवर लिमिटर आठपट ओव्हरसॅम्पलिंगवर होता. मॅकवर ते सहज पेलत होतं, म्हणून तसंच माझ्याकडे आलं. दोनपट केला, सहा रिव्हर्बचा एक केला, बफर २०४८. आकडा ५५ च्या खाली आला आणि कोरस अखंड वाजतोय.

आता नवीन कोडं. तिनं पाठवलेल्या सेशनमध्ये लिनक्सवर दोन फायली सापडत नाहीत: 'दुसऱ्या कडव्याचा कोरस' आणि 'तिसऱ्या कडव्याचा कोरस'. फोल्डरमध्ये दोन्ही आहेत, नावात अक्षराचाही फरक नाही. 'पहिल्या कडव्याचा कोरस' मात्र बरोबर उघडते!

खर्ज:
तिची डिस्क एचएफएस प्लसची (मॅकची जुनी फाइल साठवण्याची पद्धत) आहे का?

धागाकर्ता:
हो, बाहेरची जुनी डिस्क आहे. तिच्यावरूनच मी कॉपी केलं.

खर्ज:
मग 'ऱ' बघा. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येतं: एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा 'र' आणि त्यापुढे वेगळा नुक्ता. दिसायला दोन्ही सारखेच. एचएफएस प्लस फाइलचं नाव साठवताना अशी अक्षरं सुटी करते. सेशनमध्ये नाव जोडलेल्या रूपात लिहिलेलं असणार. मॅक दोन्ही एकच मानतो, लिनक्सला मात्र ती दोन वेगळी नावं वाटतात. 'पहिल्या'मध्ये 'ऱ' नाही, म्हणून ती सुटली.

आत्ता कॉन्व्हएमव्ही नावाचं छोटं साधन वापरून नावं एनएफसी (जोडलेल्या) रूपात आणा, आधी फोल्डरची प्रत काढून. पुढे फायलींची नावं रोमन लिपीत आणि सगळी लहान अक्षरांत ठेवा, कारण मोठ्या-लहान अक्षरांतला फरक लिनक्स काटेकोरपणे पाळतो, मॅक आणि विंडोज सहसा पाळत नाहीत. ट्रॅकची नावं सेशनच्या आत मराठीत ठेवायला काहीच हरकत नाही.

धागाकर्ता:
नावं बदलली, दोन्ही कोरस जागेवर आले. सहकारीलाही हा धागा वाचायला दिलाय. या गाण्याचं काम रीपरमध्येच संपवतो. मिक्सबसची चाचणी त्यानंतर, माझा पडदा १३६६ बाय ७६८ चा आहे. एवढ्या पडद्यावर मिक्सबस रोज वापरणारं कुणी असेल तर मिक्सरमध्ये एका वेळी किती चॅनल दिसतात ते सांगा.